मोहितेकाकूंचं हसणं

मोहितेकाकूंना हसू येणार असलं की त्या आधी तोंडातल्या टाचण्या काढत. शिवणाच्या क्लासात त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. त्याच अवस्थेत त्या मापं सांगत, मुलींवर रागावत, दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस करत. पण कोणी काही मजेचं बोललं की हात वर करून सगळ्यांना थांबवत, एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचत आणि मग हसत. मुली टाचण्या निघताना बघूनच हसत सुटायच्या.

त्या हसण्याला आधी आवाज नसे. नुसते खांदे हलत. मग दम लागल्यासारखं काहीतरी, मग एकदम मोठं, खणखणीत, चार घरं ओलांडून जाणारं हसू, आणि शेवटी "अगं आई गं" म्हणत शेजारी बसलेल्याच्या मांडीवर एक थाप. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. मांजलपुरातली ती टेनामेंटं तशीच होती, एकाची शिंक दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. मोहितेकाका नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात पाळीवर जात. रात्रपाळी करून दिवसा झोपले की आतून त्यांचा आवाज यायचा, "शालू, हळू!" काकू तोंडावर पदर धरत, आणि मग त्या पदराचंच हसू येऊन दुप्पट हसत.

घराणं जुनं, बडोद्याचंच. काकांचे पणजोबा सरकारी पागेत होते. काकू हे अभिमानानं सांगत आणि लगेच जोडत, "म्हणून तर आमच्याकडे सगळे उभ्या उभ्या झोपतात. ह्यांना बघ ना बसस्टॉपवर!" काका समोरच बसलेले असत. काकूंची थट्टा अशी नेहमी तोंडावर असायची. माणूस उठून गेल्यावर त्याच्याबद्दल कोणी काही सुरू केलं की त्या म्हणत, "थांब ने, त्याला येऊ दे. तो नसला तर मजा कोण घेणार?" आणि खरंच विषय बदलत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते नटुभाईंच्या बेसण्याला. नटुभाई आमच्या पलीकडच्या घरातले. अचानक गेले. गुजराती रिवाजाप्रमाणे संध्याकाळी सगळे समाचाराला जमलो होतो. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, उदबत्ती. त्यांच्या पत्नी सविताबेन भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे, कोणाशी शब्द नाही. नातेवाइकांपैकी एक बाई गळा काढून म्हणाल्या, "सविताने एकली मूकीने चाली गया!" सविताला एकटी टाकून निघून गेले!

काकूंचे खांदे हलायला लागले. मी शेजारीच होते. मला वाटलं, रडतायत. मग ते हसू फुटलं. भर बेसण्यात. सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ते काही दाबण्यातलं नव्हतं.

"माफ करा," त्या कशाबशा म्हणाल्या, "मला तो पेट्रोल पंप आठवला."

नटुभाई एकदा सविताबेनना पेट्रोल पंपावर स्कूटरवरून उतरवून, पेट्रोल भरून, तसेच घरी निघून आले होते. वाटभर मागे वळून बोलत आले होते. घरी आल्यावर काकूंच्या दारात येऊन विचारलं होतं, "शालुबेन, सविता तमारे त्यां छे?" सविता तुमच्याकडे आहे का?

सविताबेनचा चेहरा आधी दगडासारखा होता. मग त्या हसल्या. हसता हसता रडायला लागल्या, आणि सगळे म्हणाले, बरं झालं, मोकळी झाली बिचारी. काकूंचा हात धरून त्या म्हणत राहिल्या, "एवा ज हता. एवा ज हता." असेच होते ते.

घरी येताना मी काकूंबरोबरच होते. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "फार वाईट दिसलं का गं, मंजू?" मी नाही म्हटलं. "चालो," त्या म्हणाल्या आणि कुलूप उघडायला लागल्या.

त्या सुमाराला घरोघरी केबल पोचली होती. गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर काळ्या वायरी लोंबत. आमच्या भागाचे केबलवाले भरतभाई. त्यांनी बाहेरच्या चॅनेलांबरोबर स्वतःचंही एक चॅनेल सुरू केलं. त्यावर आधी वाढदिवसांचे फोटो आणि साड्यांच्या सेलच्या जाहिराती असत, मग दर गुरुवारी एक कार्यक्रम दाखवायला लागले. एका हॉलमध्ये आधी चित्रण करायचं आणि गुरुवारी दाखवायचं. लोकांनी स्टेजवर यायचं, गाणं म्हणायचं, किस्सा सांगायचा. जो जास्त आवडेल त्याला मिक्सर. सूत्रधार होता पराग नावाचा तरुण. नवरात्रात गरब्याचं निवेदन करायचा. गोड आवाज, हजरजबाबी, केस मागे वळवलेले.

काकू पहिल्यांदा गेल्या त्या सविताबेनना जरा बाहेर काढावं म्हणून. मीही बरोबर होते. त्या दिवशी एक निवृत्त पोस्टमन आपल्यामागे कुत्रा कसा लागला ते सांगत होता. पळताना त्यानं पत्रांचा गठ्ठा कुत्र्याच्या मालकाच्याच घरात टाकला आणि वर, "सही करो," म्हणून उभा राहिला. काकू हसल्या. त्यांच्यामुळे रांग हसली, रांगेमुळे हॉल. परागच्या ते लगेच लक्षात आलं. कार्यक्रम संपल्यावर येऊन पाया पडला. "काकी, दर वखते आववानुं ज." दर वेळी यायचंच. पुढच्या वेळेपासून काकूंना न्यायला रिक्षा यायला लागली आणि पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची राखून ठेवलेली असे.

काकूंना ते आवडलं, हे खोटं कशाला बोला. भाजी घ्यायला गेलं की बायका बोट दाखवून म्हणत, "आ तो पेलां हसे छे ए मासी!" त्या हसतात त्या मावशी! काकू खुशीत येऊन भाजीवाल्याला म्हणत, "बघ, टीव्हीवाली आहे मी. भेंडी नीट दे."

वर्षभरात कार्यक्रमाची चव बदलली. मोठ्या चॅनेलांवर तेव्हा स्पर्धांचं पीक आलं होतं. खुर्चीत बसलेली माणसं समोरच्या पोराला तुझा आवाज फाटका, तुझे कपडे कसले, तू आलासच कशाला, असं तोंडावर सुनवायची, आणि कॅमेरा त्या पोराच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचा. घरोघर लोक जेवता जेवता ते बघत. परागनंही ते उचललं. त्याला जमलंही. एका जाड्या मुलीला तो म्हणाला, "आ बेबी बेसशे तो हार्मोनियम क्यां मूकीशुं?" ही इथे बसली तर पेटी कुठे ठेवायची? हॉल हसला. काकू हसल्या नाहीत.

चित्रण संपल्यावर त्या परागकडे गेल्या. मी बरोबर होते.

"अरे पराग, त्या पोरीला काय बोललास तू? आईनं नवा फ्रॉक घालून आणलं होतं तिला."

"काकी, मजाक छे."

"ती कुठे हसत होती?"

"लोकोने आ ज गमे छे, काकी." लोकांना हेच आवडतं. तो हे उर्मटपणे नाही बोलला. एखादा दुकानदार कुठला माल खपतो ते सांगतो, तसं बोलला.

पुढच्या वेळी रिक्षा आली तेव्हा काकूंनी रिक्षावाल्याला पाणी दिलं आणि रिकामी परत पाठवली. त्यावर त्यांनी भाषण केलं नाही. क्लासातल्या मुलींनी विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला."

त्या मुलींत एक वैशाली होती. साळुंख्यांची. तिचे वडील काकांबरोबर नंदेसरीला एकाच पाळीत होते. दोघं एकाच बसनं जात, एकाच डब्यातलं खात. आदल्या वर्षी साळुंखे हृदयविकारानं गेले. वैशाली अबोल, पण गळा गोड. काजं करताना गुणगुणायची तेव्हा काकू मशीन थांबवून ऐकत. ती कोणाला न सांगता गुरुवारच्या कार्यक्रमाला गेली. काकूंनी जाणं सोडलं होतं, म्हणून त्यांना तर मुळीच सांगितलं नाही.

गुरुवारी क्लास उशिरापर्यंत चालला होता. दिवाळीचे ब्लाऊज होते. मी तिथेच हुक लावत बसले होते. कोणीतरी टीव्ही लावला आणि ओरडलं, "अय्या, वैशाली!"

वैशाली स्टेजवर उभी होती. गुलाबी ड्रेस, दोन्ही हात ओढणीत. परागनं तिला गाऊच दिलं नाही. आधी म्हणाला, इंग्लिशमध्ये ओळख करून द्या. तिनं पाठ केल्यासारखं सुरू केलं, "मायसेल्फ वैशाली. माय मदर इज हाउसवाइफ. माय फादर इज एक्सपायर."

पराग डोळे मोठे करून म्हणाला, "एक्सपायर? ए तो दवा थाय, बेन! पप्पा दवानी बाटली हता?" ते तर औषध होतं, पप्पा काय औषधाची बाटली होते?

आणि हसू आलं. आधी नुसता दम, मग मोठं, खणखणीत, आणि शेवटी स्पष्ट, "अगं आई गं."

खोलीतल्या सगळ्या मुलींनी काकूंकडे बघितलं. काकू मशीनवर बसल्या होत्या, ओठांत टाचण्या. पडद्यावर वैशालीचा चेहरा होता आणि त्यावर काकूंचं हसू परत एकदा आलं.

काकूंनी टाचण्या काढल्या.

"हे मी पोस्टमनला हसले होते," त्या म्हणाल्या. "कुत्र्याच्या वेळचं आहे हे. मंजू, तू होतीस ना? हे कुत्र्याच्या वेळचं आहे."

दुसऱ्या दिवशी वैशाली क्लासला आली नाही. दुपारी तिची आई आली. आत आली नाही, ओट्यावरच उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "ताई, बाकीच्यांचं काही नाही. पण तुम्ही पण?"

काकूंनी सांगायचा प्रयत्न केला. मी पण सांगितलं. टेप, कापाकापी, जुनं हसू. त्या बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाज तर तुमचाच होता ने." मग ती गेली.

मी काकूंना माझ्या मोपेडवर बसवून केबलच्या ऑफिसात नेलं. फरसाणाच्या दुकानावरची खोली, भरतभाई आणि पराग दोघंही होते. काकूंनी सांगितलं की माझं हसणं काढून टाका. पराग गोंधळला. त्याला खरोखरच वाटत होतं की काकूंना आनंद होईल. त्यानं उत्साहानं मशीन सुरू केलं. "जुओ काकी, आ नानुं. आ मोटुं. अने आ खांसीवाळुं." हे छोटं, हे मोठं, हे खोकल्यासकटचं. त्या बंद खोलीत काकूंचं हसणं तुकड्या-तुकड्यांनी वाजत राहिलं आणि काकू स्टुलावर मांडीवर पिशवी घेऊन बसून ते ऐकत राहिल्या.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

भरतभाईंनी चहा मागवला. समजावलं. तुमच्या हसण्याशिवाय कार्यक्रम सपक होतो. आणि यात अपमान कुठला? लोक नाव काढतात तुमचं. काकूंनी चहा घेतला नाही.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी बघताना मला लाज वाटत होती. त्या आमच्या गल्लीत घरोघर गेल्या. "गुरुवारी जे हसणं ऐकलंत ते माझं होतं, पण मी साळुंख्यांच्या पोरीला हसले नाही." प्रत्येक दारात एवढंच. आणि प्रत्येक दारात तेच उत्तर. अहो काकू, आमच्या तर लक्षातपण नाही आलं! कोणी म्हणालं, पण ते बाटलीचं मस्त होतं हां. म्हणणारा सांगता सांगता परत हसला. काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "मला वाटलं लोक माझ्यावर रागावले असतील. कोणी रागावलेलंच नाही गं."

काका आठवडाभर रात्रपाळीला होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी जेवताना काकूंनी सांगितलं. मी चटणीची वाटी द्यायला गेले होते. काकांनी घास खाली ठेवला.

"साळुंख्याला हसले?"

"हो."

"बाटली म्हणाले?"

काका उठले, हात धुतले, खिळ्याला अडकवलेला पाना घेतला आणि गच्चीवर गेले. आमच्या सगळ्या भागाला केबलचा सिग्नल पुढे ढकलणारा तो डबा मोहित्यांच्या कठड्यावर बसवलेला होता. भरतभाईंनी कधीतरी विचारून, पेढे देऊन बसवला होता. काकांनी बोल्ट काढून तो उतरवला, वायरी व्यवस्थित गुंडाळल्या आणि खाली आणून हिंचक्याखाली, म्हणजे झोपाळ्याखाली, ठेवला. मग राहिलेला भात जेवले.

थोड्याच वेळात गल्ली दारात जमली. क्रिकेटची मॅच चालू होती. ज्यांच्या लक्षात हसणं आलं नव्हतं त्यांच्या लक्षात हे मात्र ताबडतोब आलं. लोक काय काय बोलले! म्हातारपणी डोकं फिरलं, स्वतः टीव्हीवर मिरवून झालं आता दुसऱ्यांचं बंद करतात, परक्याच्या पोरीसाठी एवढं काय. काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. फक्त सविताबेन आपल्या ओट्यावरून म्हणाल्या, "शालुबेन, डबो पाछो ना आपता." परत देऊ नका. नंतर कितीतरी दिवस काही घरांतून काकूंकडे शिवायला कपडे यायचे बंद झाले.

संध्याकाळी भरतभाई हात जोडत आले. काकूंनी त्यांना हिंचक्यावर बसवलं. डबा त्यांच्या पायाशीच होता.

"माझं हसणं पुसायचं. आणि परागनं साळुंख्यांच्या घरी यायचं. बस."

पराग दुसऱ्या दिवशी आला. काकूंबरोबर मी पण गेले. साळुंख्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याला दिली. बरोबर समोर वैशालीच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. वैशालीच्या आईनं पाणी आणलं. परागनं ते सगळं पिऊन टाकलं. शेवटी म्हणाला, "बेन, माफ करजो."

वैशाली आतल्या दारात उभी होती. आम्हाला वाटलं ती बोलणार नाही. पण तिनं विचारलं, "एक्सपायर चूक आहे का?"

"हं?"

"बापूजी गेले हे इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं?"

पराग विचारात पडला. "डेड," तो म्हणाला. "माय फादर इज डेड."

"असं म्हटलं असतं, तर तुम्ही हसला नसता?"

त्यानं मान खाली घातली. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं म्हणेन. वैशालीची आई म्हणाली, "जाऊ दे आता." काकूंनी उठता उठता वैशालीच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही आणि धरलाही नाही. तेवढ्यावर आम्ही परत आलो.

गुरुवारी परागनं सुरुवातीला दोन वाक्यांत माफी मागितली आणि कार्यक्रम नेहमीसारखा झाला. काकूंचं हसणं त्यात नव्हतं. दुसऱ्या कोणाचंतरी होतं, चिरकं, एकसारखं. भरतभाईंनी डबा परत मागून घेतला तो मात्र मोहित्यांच्या गच्चीवर नाही, कोपऱ्यावरच्या घरावर बसवला. शहाणा माणूस.

वैशाली दिवाळीनंतर क्लासला यायला लागली. काकूंनी तिला गायला कधी सांगितलं नाही. पुढे ती लग्न होऊन भरूचला गेली. तिच्या लग्नातले सगळे ब्लाऊज काकूंनी शिवले. व्हिडिओवाला दिवा घेऊन मांडवात फिरायला लागला तशा काकू उठून स्वयंपाक्यांच्या मागे जाऊन बसल्या. कॅमेरा दिसला की त्या उठत, ते त्यांचं पुढे कायमचं झालं. घरात, क्लासात हसत पूर्वीसारख्याच. पण नवी मुलगी कोणी आली, की पहिल्यांदा हसून झाल्यावर तिला विचारत, "तुला नाही ना लागलं?"

काका निवृत्त झाल्यावर दोघं सुरतेला मुलाकडे गेले. मी शेवटची भेटले ते तिथेच. हिवाळा होता. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, भिंतभर टीव्ही. काकू बारीक झाल्या होत्या, कानांना कमी ऐकू येत होतं. जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. टीव्हीवर मुलांची नाचाची स्पर्धा चालू होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी नाचून दम खात उभी होती आणि खुर्चीतला एक माणूस तिला सांगत होता, की तुझ्यापेक्षा आमचा वॉचमन बरा नाचतो. सगळे हसत होते. काकूंचा नातू पण हसत होता.

काकूंनी चष्मा सारखा केला. "आता ही घरी कशी जाईल रे?"

"कोण, आजी?"

"ही. घरी जाताना वाटेत हिची आई हिच्याशी काय बोलेल?"

नातू समजुतीनं म्हणाला, "आजी, ते खरं नसतं. सगळं आधी ठरलेलं असतं. लिहून दिलेलं असतं त्यांना."

"हो?" काकू म्हणाल्या. "मग पोरीला सांगितलंय का ते?"

नातवानं वळून पडद्याकडे बघितलं. मुलीचा चेहरा जवळून दाखवत होते.

काकूंनी सूप माझ्याकडे सरकवलं. "ये, जरा हात लाव," त्या म्हणाल्या. "कोवळ्या बाजूला टाक, त्या उद्याच्या शाकाला." आम्ही दोघी सोलत बसलो.